गिऱ्हाइकाची फिर्याद



या व्याख्यानमालेच्या चालकांचे बोलावणे आले तेव्हा आम्ही संप, बोनस किंवा किमान वेतन यांपैकी कशावर तरी बोलावे, अशी त्यांची अपेक्षा होती. आम्हीच विषय बदलून मागितला. यंत्रमाग कामगारांच्या संघटनेचे काम करीत आम्हांला तीस वर्षे होऊन गेली. सकाळी कचेरीत येणारा कामगार पगाराची तक्रार घेऊन येतो. तोच कामगार संध्याकाळी पुन्हा येतो, आणि त्याच्या पिशवीत कधी जळलेला मिक्सर असतो, कधी विमा कंपनीचे नकाराचे पत्र, तर कधी पैसे भरूनही न मिळालेल्या प्लॉटची पावती. मालकाशी चार महिने झगडून मिळवलेली पगारवाढ अशा रीतीने दुकानाच्या फळीवर एका दिवसात परत जाते. ती परत जाऊ न देणे हेही संघटनेचेच काम आहे, असे आमचे मत झाले. ते कसे करावे, एवढाच आजचा विषय.

आमचे शिक्षण शाळेत सातवीपर्यंतच झाले. पुढचे पाळी सुटल्यावर वाचनालयात. म्हणून कायद्याची भाषा वकिलासारखी आम्हांला येणार नाही. पण तारखा आम्ही पुष्कळ पाहिल्या आहेत.

कामगार चळवळ आणि गिऱ्हाइकाची चळवळ या एकाच आईच्या लेकी आहेत, हे प्रथम सांगितले पाहिजे. इंग्लंडमध्ये रॉचडेल नावाचे विणकरांचे गाव आहे. तेथे 1844 साली अठ्ठावीस जणांनी, त्यांत विणकर बरेच होते, आठवड्याला दोन दोन पेन्स बाजूला टाकून अठ्ठावीस पौंडांचे भांडवल उभे केले आणि टोड लेन नावाच्या गल्लीत दुकान काढले. माल म्हणाल तर पीठ, लोणी, साखर, ओटचा भरडा आणि मेणबत्त्या. त्या काळी पिठात खडू आणि चहात वाळलेला पाला मिसळणे हा नित्याचा व्यापार होता. या लोकांनी माल शुद्ध आणि माप पुरे, एवढाच नियम केला. जगातील सहकारी चळवळ आपला उगम या दुकानात मानते. मागावर काम करणाऱ्या आमच्या पेठेतल्या लोकांना आम्ही ही हकिगत मुद्दाम सांगतो. त्यांना ती आपल्या घरची वाटते.

परंतु प्रत्येकाने दुकान काढावे, हे काही शक्य नाही. बहुतेकांना दुसऱ्याच्याच दुकानातून घ्यावे लागते, आणि तेथे जुना न्याय असा, की घेणाऱ्याने डोळे उघडे ठेवून घ्यावे. घरी नेल्यावर दोष दिसला तर कपाळाला हात लावावा. आपल्याकडे 1930 च्या माल विक्री कायद्याने या न्यायाला काही अपवाद केले. माल ज्या कामासाठी मागितला त्या कामाला तो योग्य असला पाहिजे, अशी अट त्या कायद्याने काही परिस्थितीत गृहीत धरली. पण ती वापरायची तर दिवाणी कोर्टात दावा लावायचा. मुद्रांक, वकील आणि वर्षे यांचा हिशेब केला तर दोन हजारांच्या पंख्यासाठी दावा लावणारा माणूस शहाणा म्हणवला नसता.

शिवाय तुमचा करार दुकानदाराशी. कारखानदार म्हणणार, आमचा तुमचा संबंध काय? हे उत्तर आजही ऐकू येते, म्हणून त्याचा निकाल कसा लागला ते सांगतो. स्कॉटलंडमध्ये पेस्ली या गावी 1928 साली एक बाई आपल्या मैत्रिणीबरोबर उपाहारगृहात गेली. मैत्रिणीने तिच्यासाठी आल्याच्या पेयाची बाटली घेतली. बाटली गडद काचेची, आतले काही दिसत नव्हते. अर्धे पेय पोटात गेल्यावर उरलेले ओतताना कुजलेली गोगलगाय बाहेर आली, असे त्या बाईचे म्हणणे. बाई आजारी पडली. पैसे दिले होते मैत्रिणीने, म्हणजे दुकानदाराशीही या बाईचा करार नाही, मग कारखानदाराशी कोठून असणार? ही बाई एका दुकानात काम करणारी, इतकी गरीब की खटल्याचे तारण ठेवण्यापासून सूट मिळावी म्हणून आपण निष्कांचन असल्याचा दाखला तिला द्यावा लागला. प्रकरण लॉर्ड्सच्या सभागृहापर्यंत गेले, आणि 1932 साली पाचांपैकी तीन न्यायाधीशांनी ठरवले की, जो माल कारखान्यातून निघाल्यावर कोणी न तपासता थेट वापरणाऱ्याच्या हाती जातो, त्याच्याबद्दल कारखानदाराने वापरणाऱ्याची काळजी वाहिलीच पाहिजे. ज्या तीन न्यायाधीशांनी हे ठरवले त्यांची नावे वकिलांना पाठ असतात. आम्हांला त्या बाईचे कौतुक अधिक वाटते.

आपल्या देशात मुंबईच्या काही गृहिणींनी 1966 साली ग्राहकांसाठी संस्था काढली. 1975 मध्ये मुंबई ग्राहक पंचायत सुरू झाली आणि शेजारपाजारच्या कुटुंबांनी एकत्र येऊन महिन्याचा माल घाऊक आणावा, हा तिचा उपक्रम अनेक घरांत पोचला. अशा लोकांच्या रेट्यानंतर ग्राहक संरक्षण कायदा 1986 साली झाला. 24 डिसेंबर रोजी त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली, म्हणून तो दिवस आपण राष्ट्रीय ग्राहक दिन म्हणून पाळतो. 2019 साली त्याच्या जागी नवा कायदा आला आणि तो जुलै 2020 पासून लागू झाला. पूर्वी ज्याला जिल्हा मंच म्हणत, त्याला आता जिल्हा आयोग म्हणतात. आमच्या पेठेत अजून मंचच म्हणतात. त्याने काही बिघडत नाही.

या कायद्याने मुख्य गोष्ट केली ती ही, की दिवाणी कोर्टाच्या पायऱ्या न चढता गिऱ्हाइकाला फिर्याद करता आली. मालातील दोष, सेवेतील त्रुटी आणि अनुचित व्यापारी प्रथा ही तिची तीन प्रमुख कारणे. वकील देण्याची सक्ती नाही. मालाचे किंवा सेवेचे मोल पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. पन्नास लाखांपर्यंतच्या खरेदीची तक्रार जिल्हा आयोगापुढे, त्यापुढे दोन कोटींपर्यंत राज्य आयोगापुढे, आणि त्याहून मोठी राष्ट्रीय आयोगापुढे, अशी वाटणी डिसेंबर 2021 च्या नियमांनी केली आहे. आमच्या लोकांचे काम जिल्ह्याच्या ठिकाणी भागते. नव्या कायद्याची एक सोय फार उपयोगी आहे: तक्रारदार जेथे राहतो किंवा काम करतो, तेथील आयोगापुढे तक्रार करता येते. कंपनीची कचेरी गुरगावला आहे म्हणून गुरगावला जावे लागत नाही. घरबसल्या फोनवरून माल मागवण्याच्या या दिवसांत ही सोय नसती, तर कायदा पुस्तकातच राहिला असता.

आता गिऱ्हाईक कोणास म्हणावे, हा प्रश्न सोपा दिसतो पण सगळी लढाई पुष्कळदा तेथेच होते. आमच्या कामातले एक प्रकरण सांगतो. नावे कोणाचीच घेत नाही.

आमच्या एका सभासदाला छातीच्या विकाराने माग सोडावा लागला. त्याच्या पत्नीने बचत गटातून कर्ज काढून 2011 साली मिरची कांडपाचे यंत्र घेतले. किंमत अडतीस हजार. होळीपासून पुढे दोन-अडीच महिने मसाल्याचा हंगाम; त्या दिवसांत जे मिळेल त्यावर वर्षाचे हप्ते फेडायचे, असा तिचा हिशेब होता. यंत्राची मोटर पंधराव्या दिवशी जळली. दुकानदाराने बदलून दिली. दुसरी बाविसाव्या दिवशी जळली. दुकानदार म्हणाला, कंपनीला विचारा. कंपनी म्हणाली, तुमच्या घरचा विजेचा दाब कमीजास्त आहे. हंगाम निघून गेला. बाई कचेरीत आली ती यंत्राचे कागद पदरात बांधून.

आम्ही तक्रार लिहिली. सामनेवाल्यांच्या वकिलाने पहिल्याच कैफियतीत सांगितले, की ही बाई गिऱ्हाईक नाही. लोकांची मिरची कांडून पैसे घेते, म्हणजे व्यापार करते. आणि व्यापारी कारणासाठी माल घेणाऱ्याला हा कायदा लागू नाही. बाईने आमच्याकडे पाहिले. नवऱ्याच्या आजारपणात घर चालवणाऱ्या त्या बाईला आपण व्यापारी असल्याचे त्या दिवशी प्रथमच कळले.

व्यापारी कारण वगळले आहे हे खरेच. पण कायद्यात 1993 सालच्या दुरुस्तीने एक खुलासा जोडला गेला: केवळ स्वयंरोजगारातून आपली उपजीविका करण्यासाठी घेतलेली वस्तू स्वतः वापरणे, हे व्यापारी कारण नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने 1995 साली लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या निकालात तो उलगडून सांगितला. ऑटोरिक्षा घेऊन ती स्वतः चालवणारा माणूस गिऱ्हाईक. भाड्याने दुसऱ्यांना चालवायला देणारा नव्हे, अशा प्रकारचा तो विचार आहे. आमच्या बाईने नोकर ठेवला नव्हता. मिरचीचा खकाणा तिच्याच डोळ्यांत जात होता. मंचाने ते मानले.

नंतर मोटरीचा प्रश्न. दोष उघड्या डोळ्यांनी दिसत नसेल तर मालाची तपासणी मागता येते, ही गोष्ट फार थोड्या लोकांना ठाऊक असते. मोटर मोहोरबंद होऊन तपासणीस गेली. पाटीवर तीन अश्वशक्ती लिहिलेली, आतले वाइंडिंग तेवढा भार सोसणारे नाही, असा अहवाल आला. विजेच्या दाबाची गोष्ट मग कोणी काढली नाही. मंचाने किंमत व्याजासह परत देण्याचा हुकूम केला आणि वर नुकसानभरपाई व खर्च मिळून सात हजार दिले.

हे सांगून आम्ही थांबलो तर तुम्ही टाळ्या वाजवाल. पण या निकालाला एक वर्ष दहा महिने लागले आणि चौदा तारखा पडल्या. दर तारखेला बाईचा रोजगार बुडे, एसटीचे भाडे जाई. नवव्या तारखेनंतर ती म्हणाली, "दादा, अजून किती? दुसराही हंगाम गेला. आता पैसे मिळाले तरी गटाचे व्याज कोण देणार?" कायद्यात काय लिहिले आहे? सामनेवाल्याला नोटीस मिळाल्यापासून तीन महिन्यांत, आणि तपासणी लागली तर पाच महिन्यांत निकाल लावण्याचा प्रयत्न व्हावा. जुन्या कायद्यातही हेच होते, नव्यातही आहे. प्रत्यक्षात कितीतरी जिल्ह्यांत अध्यक्षाची किंवा सदस्याची जागाच रिकामी राहिली आहे. सर्वोच्च न्यायालयाला 2021 साली आपण होऊन या रिकाम्या जागांची दखल घ्यावी लागली. गिरणीत माग चालवायला माणूस नसेल तर मालक बदली कामगार आणतो, कारण थांबलेल्या मागाचे नुकसान त्याचे असते. आयोगातली रिकामी खुर्ची ज्याच्या खिशाला लागते तो तक्रारदार आहे, आणि नेमणूक त्याच्या हाती नाही. या एका कारणासाठी आम्ही आमच्या लोकांना घेऊन जिल्हाधिकारी कचेरीवर गेलो आहोत आणि पुन्हाही जाऊ.

एक बरे झाले. कैफियत द्यायला सामनेवाल्याला तीस दिवस आणि आयोगाने परवानगी दिली तर आणखी पंधरा, असे मिळून पंचेचाळीस दिवस मिळतात. मोठ्या कंपन्यांचे वकील त्यापुढेही मुदत मागत असत. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मार्च 2020 मध्ये सांगितले, की पंचेचाळीसच्या पुढे एक दिवसही देता येणार नाही. दृक्‌श्राव्य पद्धतीने सुनावणी मागण्याची तरतूदही नव्या कायद्यात आहे. खाडा वाचवायचा असेल तर तिचा अर्ज जरूर करावा.

सेवेची बाजू याहून मोठी आहे, आणि कामगारांना ती सर्वांत कमी ठाऊक आहे. रुग्णालये या कायद्याखाली येतात, हे 1995 च्या निकालाने ठरले. मात्र जेथे सर्वांनाच फुकट उपचार मिळतात तेथे हा कायदा लागत नाही. मग राज्य विमा योजनेचे, म्हणजे ईएसआयचे, रुग्णालय कोणत्या रांगेत बसवायचे? तेथे कामगार खिडकीवर पैसे देत नाही. सोनीपतच्या एका कामगाराच्या पत्नीवर अशाच दवाखान्यात मधुमेहाचे चुकीचे उपचार झाल्याची तक्रार होती. खालच्या पायऱ्यांवर त्याला सांगितले गेले, की उपचार फुकट, म्हणून तू गिऱ्हाईक नव्हेस. सर्वोच्च न्यायालयाने 2007 मध्ये ते खोडून काढले. कामगाराच्या पगारातून वर्गणी कापली जाते, मालकही भरतो. ही काही खैरात नव्हे. आज ही वर्गणी कामगाराची पगाराच्या पाऊण टक्का आणि मालकाची सव्वातीन टक्के आहे. आमच्या द्वारसभेत आम्ही हे वाक्य दोनदा सांगतो, कारण ईएसआयच्या रांगेत उभा असलेला कामगार अजून स्वतःला याचक समजतो.

भविष्यनिर्वाह निधीचेही तसेच. निधीचा सभासद हा गिऱ्हाईक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 1999 मध्ये ठरवले. पैसे अडवून ठेवले तर आयोगाकडे जाता येते. सरकारी घरबांधणी मंडळेही सुटलेली नाहीत. लखनौ विकास प्राधिकरणाच्या 1993 च्या खटल्यात न्यायालयाने येथपर्यंत सांगितले, की अधिकाऱ्याच्या मनमानीने नागरिकाला त्रास झाला तर भरपाईचा बोजा शेवटी त्या अधिकाऱ्याच्या पगारावर पडला पाहिजे. करदात्यांनी तो का सोसावा?

मात्र मालक आणि नोकर यांचा तंटा येथे चालत नाही. ग्रॅच्युइटी अडली, बढती नाकारली, तर या आयोगाकडे न जाता कामगार कायद्याच्या वाटेने जावे. आणखी एक दार 2024 च्या मे महिन्यात बंद झाले. वकिलाची सेवा या कायद्याखाली येत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. डॉक्टर येतो, विमा कंपनी येते, शिंप्यावरही तक्रार होते. वकील तेवढा बाहेर. न्यायालयाने दिलेली कारणे आम्ही वाचली आहेत. वाचूनही आमचे पूर्ण समाधान झालेले नाही, एवढे नोंदवून पुढे जातो.

तक्रार कशी करावी, हे विचारायला सभेनंतर मंडळी आमच्याभोवती जमतात, म्हणून आताच सांगून टाकतो. पावती घ्या. दुकानदार म्हणेल, बिल हवे तर कर जास्त पडेल. पडू द्या. पावती न देणे हीच या कायद्याप्रमाणे अनुचित प्रथा आहे. 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही' ही पाटी पाहून घाबरू नका. सदोष माल बिलात लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिली नसेल तर तीस दिवसांत, परत घ्यायला नकार देणे हीदेखील अनुचित प्रथाच आहे. दोष दिसला की त्याच आठवड्यात लेखी कळवा आणि पोच ठेवा. फोनवर 'बघतो', 'माणूस पाठवतो' असे सांगणाऱ्याचे शब्द वाऱ्यावर जातात. तारीखवार लिहिलेला कागद राहतो. दुकानदार आणि कारखानदार दोघांनाही पक्षकार करा, म्हणजे एकाने दुसऱ्याकडे बोट दाखवण्याची सोय राहत नाही. 1915 या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. कित्येक लहान तक्रारी तेथेच मिटतात, तिचा उपयोग अवश्य करा. पण फिर्यादीची मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षे आहे. गोड बोलून ती दोन वर्षे काढणारे लोक आम्ही पाहिले आहेत, म्हणून दिनदर्शिकेवर खूण करून ठेवावी. उशिराला सबळ कारण दाखवले तर आयोग माफी देऊ शकतो, पण ती त्याच्या मर्जीची गोष्ट झाली.

आयोगापुढे तडजोडीचा, मध्यस्थीचा मार्गही नव्या कायद्याने ठेवला आहे. तो वाईट नाही. आम्ही जन्मभर तडजोडीच करीत आलो. फक्त एकटा माणूस आणि मोठी कंपनी समोरासमोर बसल्यावर जी तडजोड होते, तिला गरजवंताची तडजोड म्हणतात. मालकाशी बोलायला कामगार एकेकटा जात नाही, तसे येथेही जाऊ नये. एकाच बिल्डरकडे पैसे अडकलेली चाळीस कुटुंबे असतील, एकाच वर्गाने फी घेऊन शिकवणी बंद केलेले साठ पालक असतील, तर आयोगाची परवानगी काढून सर्वांच्या वतीने एकच तक्रार करता येते. नोंदलेली ग्राहक संघटनाही तक्रार करू शकते. मुदत, कागद, तारखा सगळे वाटून घेता येते. आज एकाचा खाडा, पुढच्या तारखेला दुसऱ्याचा. आमच्या पेठेत एका सोसायटीच्या पाण्याच्या पंपाचे प्रकरण असेच पाळीपाळीने चालवले गेले आणि कोणाचाही रोजगार दोनपेक्षा अधिक दिवस बुडाला नाही.

शेवटी हुकूमनाम्याविषयी. हुकूम हातात पडला म्हणजे पैसे हातात पडले, असे नव्हे. हरलेला पक्ष पंचेचाळीस दिवसांत राज्य आयोगाकडे अपील करू शकतो. पण आता त्यासाठी हुकुमातील निम्मी रक्कम आधी भरावी लागते. जुन्या कायद्यात निम्मी किंवा पंचवीस हजार, यांत जी कमी ती भरून भागत असे, त्यामुळे मोठ्या रकमेच्या हुकुमावर केवळ वेळ काढण्यासाठी अपील करणे परवडत होते. अपील झाले नाही आणि पैसेही आले नाहीत, तर दरखास्त दाखल करावी. दिवाणी हुकूमनाम्याप्रमाणे जप्ती करून वसुली करता येते. शिवाय हुकूम न पाळणाऱ्याला एक महिन्यापासून तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा पंचवीस हजारांपासून एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही देण्याचा अधिकार आयोगाला आहे. त्या कामापुरते त्याला पहिल्या वर्गाच्या न्यायदंडाधिकाऱ्याचे अधिकार असतात. दरखास्तीचे हे दोन अर्ज वेगवेगळे करावे लागतात. दोन्ही नमुने आमच्या कचेरीत लिहून ठेवले आहेत. रविवारी सकाळी नऊ ते बारा कोणीही येऊन उतरवून न्यावेत, त्यासाठी संघटनेचे सभासद असण्याची अट नाही.